बेट शेवटी ठेवू नका: नाशिकहून लिस्बन, पोर्तो आणि अझोर्स

युरोपची पहिली सहल म्हटली की बारा दिवसांत सात देशांचा तक्ता हातात पडतो. त्यातला निम्मा वेळ बसमध्ये जातो. घरी आल्यावर कुठला चौक कुठल्या शहरातला, यावरून फोटो बघताना वाद होतात. आमचं मत सरळ आहे: देश एकच घ्या, दोन जुनी शहरं पायी बघा आणि एखादं लांबचं बेट जोडा. नाशिकच्या माणसाला पोर्तुगाल यासाठी फार सोयीचा. लिस्बन आणि पोर्तो ही शहरं जुनी, चढउताराची आणि पायी फिरण्याजोगी आहेत. अटलांटिकमध्ये लिस्बनपासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर असलेली अझोर्स बेटं याच देशाची, त्यामुळे एकाच व्हिसात भागतं. शिवाय त्यातल्या पिको बेटावर काळ्या पाषाणात द्राक्षं पिकतात. निफाड-दिंडोरीच्या माणसाला हे बघताना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

चौदा रात्रींचा हिशेब असा: लिस्बन तीन, पोर्तो तीन, साओ मिगेल बेट तीन, पिको बेट तीन आणि परत लिस्बन दोन. या शेवटच्या दोन रात्री कापायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्या कापू नका. बेटांवर धुकं आणि वारा यांमुळे विमान रद्द होतं, कधी दिवसभर, कधी दोन दिवस. बेटावरून थेट मुंबईच्या विमानाला जोडून तिकीट काढलं आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी असली, तर पहिलं रद्द झाल्यावर दुसरं बुडतं आणि त्याचे पैसे कुणीच देत नाही. बेट मध्ये असलं तर फार तर लिस्बनच्या या शेवटच्या दोन रात्री जातात. पोर्तुगालच्याच मडैरा बेटाचंही तेच. तिथली धावपट्टी समुद्रालगत खांबांवर उभी केलेली आहे आणि आडव्या वाऱ्यामुळे विमानं परत फिरवली जातात.

कधी जायचं

अझोर्सची चांगली हवा जून ते सप्टेंबर. दिवसा २० ते २५ अंश, पाऊस येतो-जातो. द्राक्षबागाईतदाराचं गणितही इथेच जुळतं. एप्रिलची खरड छाटणी, मग विरळणी, शेंडा मारणं, सबकेन (पोटफांदी काढणं) ही कामं उरकून जुलै-ऑगस्टमध्ये जरा उसंत मिळते आणि फळासाठीच्या गोडी छाटणीला अजून अवकाश असतो. (बागलाणात आगाप छाटणी करणाऱ्यांना हे लागू नाही. त्यांनी मे महिना बघावा.) ऑगस्टमध्ये मात्र निम्मा युरोप सुट्टीवर असतो. बेटावरच्या खोल्या आणि भाड्याच्या गाड्या चार-पाच महिने आधीच संपतात. जमलं तर ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबरचा पहिला आठवडा साधा, कारण पिकोवर द्राक्षतोडणी त्याच सुमारास असते. २०२७ साली मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात नाशिकला सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या दिवसांत घरून निघून वेळेत विमानतळ गाठणं हीच मोठी यात्रा होईल, तेव्हा जून धरा.

व्हिसा: सातबारा ते स्टिकर

शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. पंधरा दिवसांचा भरवसा धरू नका. निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो, पण कागद पुन्हा तपासायचे ठरले तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतो, आणि उन्हाळ्यात भेटीची वेळच आठवडेच्या आठवडे मिळत नाही. अडीच-तीन महिने आधी अर्ज गेलेला बरा. अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्याच्याकडे करायचा. इथे सगळ्या रात्री पोर्तुगालच्याच, म्हणून प्रश्न येत नाही. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना माफ. व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, युरोप सोडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत. फोटो ३५ गुणिले ४५ मिलिमीटर. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा आणि परतीच्या दिवसासह सगळे दिवस धरणारा. विम्याच्या कागदावर फक्त ‘युरोप’ लिहिलेलं असेल तर ‘शेंगेन’ शब्द घालून नवा कागद मागा, फोनवर दोन मिनिटांचं काम आहे.

नोकरदाराचे कागद ठरलेले असतात: पगारपत्रकं, रजेचं पत्र, विवरणपत्रं, बँकेचा उतारा. अडतं ते शेतकऱ्याचं. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे विवरणपत्रात आकडा छोटा दिसतो. खात्यात मात्र फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये एकदम मोठी रक्कम आलेली असते. परक्या अधिकाऱ्याला ती उसनी आणून भरल्यासारखी वाटते. म्हणून त्या प्रत्येक जमेसमोर व्यापाऱ्याची हिशोबपट्टी किंवा निर्यातदाराचं बिल लावा आणि पेन्सिलने क्रमांक टाका: उताऱ्यातली जमा क्रमांक ३, म्हणजे बिल क्रमांक ३. सातबारा आणि आठ-अ जोडताना इंग्रजी भाषांतर नोटरीकडून करून घ्या. सातबारावर भाऊबंदांची नावं एकत्र असतील तर आपल्या नावासमोरच्या क्षेत्रावर खूण करा. दोन पानी इंग्रजी पत्रात बाग किती एकर, कुठली जात, छाटणीला कोणत्या महिन्यात परत यावंच लागतं हे लिहा. परत येण्याचं इतकं सबळ कारण फार थोड्या अर्जदारांकडे असतं.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. विमानाचं तिकीट, विमा आणि अर्ज तिन्हींवर अक्षरशः तेच हवं. सवयीने मधलं नाव गाळलं की विमानतळावर दुरुस्तीचे पैसे पडतात.

बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जातीनं जावं लागतं. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडलं तर बाराच्या पुढची वेळ घ्यावी, अकराची नको. कसाऱ्याच्या पुढे गाडी कधी रेंगाळेल सांगता येत नाही. बागेत काम करणाऱ्यांचे ठसे पुसट येतात, यंत्र तीन-तीनदा नाकारतं. आधीचे चार-पाच दिवस फवारणी आणि चुन्या-सिमेंटचं काम टाळा, रात्री बोटांना खोबरेल लावा. हे ठसे ५९ महिने नोंदीत राहतात, तेवढ्या काळात पुन्हा अर्ज केला तर सहसा परत द्यावे लागत नाहीत.

पासपोर्ट हातात आला की तिथेच उभ्या उभ्या स्टिकर वाचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या तारखा, किती वेळा प्रवेश आणि मुक्कामाचे दिवस. यातला शेवटचा आकडा लोक विसरतात. दोन तारखांमध्ये महिनाभराचं अंतर असलं तरी दिवस १८ लिहिले असतील तर १८ च, आणि उतरण्याचा व निघण्याचा दिवस दोन्ही त्यात मोजले जातात. बेटावर अडकण्याची शक्यता आहे, म्हणून अर्जातच तीन-चार दिवस जास्त मागून ठेवा.

विमान

मुंबईहून लिस्बनला जाताना कुठेतरी विमान बदलावं लागतं. आखातातून किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर पासपोर्ट तपासणी लिस्बनला होते. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे गेलात तर ती तिथेच होते, आणि रांग लांब असते. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन हद्दीवर शिक्क्याऐवजी चेहऱ्याच्या फोटोसह संगणकीय नोंद सुरू झाली आहे, तिचा वेळ धरा. अशा ठिकाणी मधे किमान अडीच-तीन तास हवेत. लंडनमार्गाचं तिकीट स्वस्त दिसलं तरी नको. शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही आणि वेगळ्या ट्रान्झिट व्हिसाचं लफडं मागे लागू शकतं.

विमानं बहुधा मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुटतात. नाशिक ते मुंबईचा आंतरराष्ट्रीय टर्मिनल साधारण १६५ किलोमीटर. समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून इगतपुरीहून घाट टाळून आमणेपर्यंत झपकन पोचता येतं, पण वेळ खातो तो त्यापुढचा भिवंडी-ठाण्याचा पट्टा. पावसाळ्यात दारातून निघण्यापासून टर्मिनलपर्यंत पाच तास धरा, चेक-इनचे तीन त्यानंतर वेगळे.

पिशवीत काय नको, ते आधी. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, चक्का बाद. ताजी फळंभाज्या आणि कढीपत्ताही बाद. अपवाद फक्त अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन या पाचांचा. आपली द्राक्षं आणि हापूस त्यात नाहीत. चिवडा, भाकरवडी, बिनदुधाचे थेपले आणि नाशिकचे बेदाणे चालतात. बेदाणे भरपूर न्या, बेटावर चढताना उपयोगी पडतात. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट. आपली बारीक दोन गोल पिनांची पिन तिथल्या सॉकेटात बसते, तीन पिनांची बसत नाही.

पैसे फॉरेक्स कार्डावर युरोत भरा आणि दोनेकशे युरो रोख ठेवा. दुकानातल्या यंत्रावर ‘रुपये की युरो’ असा प्रश्न आला तर युरोच दाबा. रुपये दाबले की ते आपल्या मनाचा दर लावतात. रोख लागली तर बँकेला लागून असलेलं ‘मुल्तिबांको’ लिहिलेलं यंत्र शोधा. पर्यटकांच्या गल्लीत उभ्या असलेल्या खासगी यंत्रांचे आकार जबर असतात. सहल कंपनीने टीसीएस (परदेश सहलीच्या पैशांवर आधीच घेतला जाणारा कर) कापला असेल तर त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या, विवरणपत्रात तो वळता होतो.

लिस्बन: आधी वर जा, मग उतरा

लिस्बन समजायला एक तारीख पुरते: १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या. त्या वेळी मोठा भूकंप झाला, मागून समुद्राच्या लाटा आल्या आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. नदीकाठचा सपाट भाग, बायशा, पुरता गेला आणि राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल याच्या हुकमतीत तो सरळ, काटकोनी रस्त्यांनी पुन्हा उभा राहिला. शेजारच्या टेकडीवरची आल्फामा ही वस्ती बरीचशी वाचली, म्हणून तिथल्या गल्ल्या अजून आपल्या जुन्या नाशकातल्यासारख्या वळत वळत जातात. पंधरा मिनिटांच्या अंतरावर शहराची ही दोन वयं दिसतात. बायशातल्या नव्या घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा घालायचं ठरलं, नाव गायोला, म्हणजे पिंजरा. वाड्याची खांब-तुळयांची चौकट आणि मधे भरलेली वीट आठवा, फक्त इथे चौकटीत फुलीसारख्या तिरक्या पट्ट्या दिलेल्या असतात, धक्क्याने भिंत डोलावी पण कोसळू नये म्हणून. कार्मो मठाचं छत मात्र मुद्दाम पुन्हा बांधलं नाही. कमानी उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत, तेवढ्यासाठी आत जावंच.

फिरायची रीत अशी. सकाळी साडेआठच्या आत ट्रामने किंवा बसने टेकडीच्या माथ्यावर, सेंट जॉर्जच्या किल्ल्याजवळ जा आणि दिवसभर उतरत या. उलट केलंत तर अकरापर्यंत गुडघे बोलायला लागतात. २८ क्रमांकाची पिवळी ट्राम फोटोत छान दिसते, पण दहानंतर तीत उभं राहायला जागा नसते आणि खिसेकापू तिच्यावरच पोट भरतात. फोन पुढच्या खिशात, पासपोर्ट खोलीत, सोबत त्याची झेरॉक्स. वाहतुकीचं कार्ड माणशी एक लागतं. एकाच कार्डावर दोघं गेलात की दंड.

बुटांकडे लक्ष द्या. लिस्बनचे पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या छोट्या चौकोनी तुकड्यांचे, त्यात काळ्या दगडाची नक्षी. वर्षानुवर्षं पावलांनी घासून ते गुळगुळीत झालेत आणि दोन थेंब पडले की त्यांची घसरगुंडी होते. रबरी खाचांचा तळ हवा, चामडी तळ नको. सुटकेसची चाकं याच दगडांवर तुटतात, तेव्हा बॅग छोटी आणि मोठ्या चाकांची घ्या. खोली घेताना ‘लिफ्ट आहे का’ हे लेखी विचारा. जुन्या इमारतीत चौथा मजला म्हणजे खरोखर चौथा, आणि जिना वाड्याच्या जिन्याइतकाच अरुंद. शहरकर वेगळा: लिस्बनला माणशी रात्रीला ४ युरो, पोर्तोत ३.

लिस्बनच्याच नदीकाठच्या बेलें भागाला अर्धा दिवस द्या. वास्को द गामाची जहाजं १४९७ च्या जुलैत इथून निघाली आणि पुढच्या मे महिन्यात कालिकतला लागली. त्याची समाधी जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये आहे. चर्च आणि मागचं नक्षीदार प्रांगण यांचे दरवाजे वेगळे, तिकीट लागतं ते प्रांगणाला, आणि सोमवारी मठ बंद. सोमवार बेलेंसाठी ठेवणारे बरेच जण दाराबाहेर फोटो काढून परततात.

भाषेची भीती बाळगू नका, अर्धी आपल्या घरातच आहे. बटाटा, काजू, अननस, साबण, चावी, बादली, पाव, लिलाव हे सगळे शब्द तिकडूनच आलेले, उच्चार जरा नाकातून. सर्वांत उपयोगी शब्द पगार. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ ‘पैसे देणं’. जेवण झाल्यावर वेटरला ‘केरिया पगार’ म्हटलं की बिल येतं.

पोटाचं काय

हॉटेलात बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज न मागता समोर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्या, मग आकार लागत नाही. शाकाहारींनी ‘सेंय कार्न, सेंय पेइश’, म्हणजे मांस नको, मासे नको, हे दोन्ही म्हणायचं. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं की ट्युना घातलेलं सॅलड येतं. काल्दु व्हेर्द हे कोबीच्या पानांचं सूप दिसायला भाजीचं, पण वर सॉसेजची चकती असते आणि पाणीही मांसाचं असू शकतं. त्याऐवजी ‘सोपा द लेगूम्श’ विचारा आणि त्यातही रस्सा कशाचा ते. पाश्तेल द नाता या प्रसिद्ध गोडात अंड्यांचा बलक असतो. स्वयंपाकघर तीन ते सात बंद, रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळणं कठीण. खोलीत लहानसं स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंत तर डाळ, तांदूळ, मसाला लिस्बनच्या मार्तिम मोनिश भागातल्या भारतीय-बांगलादेशी दुकानांतून भरून घ्या. बेटांवर ते मिळेलच असं नाही. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

पोर्तो आणि द्राक्षांची रेल्वे

लिस्बनहून पोर्तोला वेगवान रेल्वेने तीन तास लागतात. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. गाडी कांपान्या स्थानकात थांबते. तिथून लोकलने पाच मिनिटांत साओ बेंतु. या स्थानकाच्या दालनात निळ्या-पांढऱ्या सुमारे वीस हजार फरशांवर इतिहास चितारलेला आहे, रेल्वेची वाट बघत फुकटात बघायचा. दों लुईश पूल १८८६ चा, लोखंडी, दुमजली. वरच्या मजल्यावरून जाताना चालत जा आणि येताना खालून या.

पोर्तोतला एक दिवस दोरू नदीच्या दरीतल्या पिन्यांव गावच्या रेल्वेला द्या, साधारण अडीच तास. जाताना उजव्या बाजूची खिडकी पकडा, दोरू नदी त्या बाजूला येते. दरीत वरपासून खालपर्यंत द्राक्षांच्या पायऱ्या आहेत, जमीन पाटीच्या दगडासारखी पापुद्र्यांची. वेलीचं मूळ त्या पापुद्र्यांमधून खोल जातं आणि कोरड्या उन्हाळ्यात तग धरतं. या पट्ट्याची हद्द १७५६ सालीच सरकारने आखून दिली होती, पोर्ट वाइनमध्ये भेसळ होऊ नये म्हणून. दुपारी दरी भट्टीसारखी तापते, सकाळची गाडी पकडा.

साओ मिगेल

पोर्तोहून पोंता देल्गादाला थेट विमान आहे. घड्याळ एक तास मागे घ्या. बेटावर बस आहेत, पण शाळेच्या वेळांना जुळवलेल्या, म्हणून गाडी भाड्याने घ्यावी लागते. आंतरराष्ट्रीय परवाना नाशिकच्या आरटीओकडून आधीच काढा: नमुना ४-अ, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवानाही सोबत लागतो. अनामत रकमेसाठी गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड हवं, डेबिट कार्डावर काउंटरवरून परत पाठवतात. गिअर न बदलायची गाडी हवी असेल तर लवकर बुक करा, थोड्याच असतात. गाडी उजव्या बाजूने. चूक सरळ रस्त्यावर होत नाही, पंपातून किंवा दृश्यस्थळाच्या वाहनतळातून बाहेर पडताना होते.

धुकं हा बेटाचा खरा मालक. सेत सिदादेशचं निळं-हिरवं जोडतळं गाडी हाकून गेल्यावर पांढऱ्या भिंतीमागे सापडत नाही. निघण्यापूर्वी फोनवर ‘स्पॉटअझोर्स’चे थेट कॅमेरे बघा. एक टोक झाकलेलं असेल तर दुसऱ्या टोकाला ऊन असतं, बेत तासाभरात फिरवा. म्हणूनच ‘मंगळवारी तळं, बुधवारी झरे’ असं छापील वेळापत्रक इथे करू नये. फुर्नाशला जमिनीच्या वाफेवर सहाएक तास हंडी शिजते, पण ती मांसाची. शाकाहारींनी गरम झऱ्यात उकडलेली मक्याची कणसं घ्यावीत. गोर्रेआनाचा चहाचा मळा १८८३ पासूनचा, अजून चालू. दूध-साखर न घालता प्यायची तयारी ठेवा.

पिको: काळ्या दगडातली बाग

साओ मिगेलहून पिकोला छोटं पंख्याचं विमान जातं, सामानाची मर्यादा तिकिटावर बघून ठेवा. उतरल्यावर नजर आधी डोंगराकडे जाते, २,३५१ मीटर, पोर्तुगालचा सर्वांत उंच. कळसूबाईपेक्षा सातशे मीटरनी जास्त, तोही समुद्रातूनच उठलेला. वर चढायचं तर सुमारे १,२०० मीटरवरच्या चौकीत नाव नोंदवावं लागतं आणि एका वेळी ठराविकच माणसं सोडतात. जाऊन-येऊन सात-आठ तास, वाट सुट्या लाव्ह्याची. सह्याद्रीत सराव असला तरी उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते, काठी घ्या.

पण इथे यायचं ते बागांसाठी. मादालेनाजवळच्या क्रियासांव वेल्याला सकाळी चालत जा. समुद्रापासून आतपर्यंत काळ्या दगडांच्या, कमरेइतक्या भिंतींची जाळी पसरलेली दिसते. एका चौकोनात मोजके वेल. भिंतीजवळ वाका आणि आरपार बघा: दगड नुसते एकावर एक रचलेले, चुना नाही, माती नाही, फटींतून पलीकडचं पान दिसतं. ही फट हलगर्जीपणाची नाही. भक्कम भिंतीवर वारा आदळून पलीकडे भोवरा करतो आणि पानं फाडतो. सच्छिद्र भिंतीतून तो गाळून, मऊ होऊन येतो, आणि खारे तुषारही बरेचसे अडतात. आता दुपारी तोच दगड हाताने चाचपा, तव्यासारखा तापलेला असतो. रात्री ती ऊब घडाला मिळते. माती जवळपास नाहीच, लाव्ह्याच्या भेगेत रोप लावलेलं. आपण वेल मांडवावर किंवा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या आधारावर चढवतो, घड उन्हापासून आणि जमिनीच्या दमटपणापासून दूर ठेवतो. इथे वेल जमिनीवर लोळतो, कारण वर गेला तर वारा त्याला सोडत नाही. ट्रॅक्टर नाही, ठिबक नाही, सगळं काम वाकून. २००४ साली या बागांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जाती तीन लक्षात ठेवा: व्हेर्देल्यु, आरिंतु दुश असोरिश आणि तेर्रांतेश दु पिकु. भिंतींवर चढू नका. एक दगड हलला की शेजारचे चार खाली येतात आणि रचायला माणसं मिळत नाहीत.

दगड आपल्या ओळखीचाच आहे. काळाराम मंदिराचा आणि लेण्यांचा पाषाण तोच, बसाल्ट. फरक वयाचा: आपला दख्खनचा थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि पिको काही लाख वर्षांचं, भूगर्भशास्त्राच्या हिशेबात तान्हं बाळ. गावातले पदपथही बघा. लिस्बनमध्ये पांढऱ्यावर काळी नक्षी होती, इथे काळ्यावर पांढरी. पांढरा दगड बोटीने आणावा लागतो म्हणून काटकसर.

एक दिवस समोरच्या फायाल बेटावर जा. मादालेना ते ओर्ता बोटीने अर्धा तास. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी, चढल्यावर घेऊन उपयोग नाही. ओर्ताहून टॅक्सीने कापेलिन्युश: १९५७-५८ मध्ये समुद्रातून ज्वालामुखी उसळला आणि दीपगृह राखेत अर्धं गाडलं गेलं. तो राखाडी माळ अजून तसाच आहे. परतीची शेवटची बोट किती वाजता हे धक्क्यावर उतरल्या उतरल्या विचारा.

विमान रद्द झालंच तर काउंटर सोडू नका. युरोपातून सुटणाऱ्या विमानासाठी २६१ क्रमांकाचा नियम आहे. हवामानामुळे रद्द झालं तर रोख भरपाई मिळत नाही, पण दुसरं विमान मिळेपर्यंतचं जेवण आणि रात्रीची खोली देणं कंपनीला भाग असतं. मागितल्याशिवाय कुणी देत नाही. स्वतः खर्च केला तर पावत्या जपा.

परतताना वाइनची बाटली मोठ्या बॅगेतच टाका, मोज्यात गुंडाळून, कपड्यांच्या मधोमध. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य बिनशुल्क आणता येतं. बागाईतदारांना मोह होतो तो वेगळ्याच गोष्टीचा: खिशात वेलाची चार डोळ्यांची (कोंबांची) एक काडी, घरी लावायला. ती आणू नका. रोपाचा कुठलाही भाग परवान्याशिवाय आणि रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय देशात आणता येत नाही. आणि पिकोच्या बागा १९व्या शतकात आधी भुरी या बुरशीच्या रोगाने आणि मग फिलॉक्सेरा या मुळावरच्या किडीने उद्ध्वस्त झाल्या. ही कीड अमेरिकेतून युरोपात आली ती अशाच आणलेल्या वेलींबरोबर. पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, घडाशेजारी माप म्हणून नाणं ठेवा, आणि बुटांच्या तळाची माती निघण्याआधी तिथल्याच नळावर धुऊन टाका.